आनंदीबाई मोबाईल वाचतात

मिठबाव, बुधवार

चि. सौ. किशोरी हिला सुभद्रावहिनीचे पोटभर आशीर्वाद. फोंडाघाटात सगळी बरी असाल. तुझी कंबर कशी आहे ते कळव. माझे गुडघे होते तिथेच आहेत. मी मात्र कालपासून हादरलेली आहे.

तुझ्याच आग्रहावरून मी प्रौढ साक्षरतेचा वर्ग रोज संध्याकाळी घरी घेतला. (स्वतः शिकलीस म्हणजे शिकवशीलच, असं तूच म्हणालीस.) तुझे दादा गेल्यावर मी आरत्यांच्या पुस्तकावरून वाचायला शिकले. आरत्या पाठच होत्या. तोंडाने म्हणायची आणि शब्दांखालून बोट न्यायची. वर्षभरात पेपर वाचू लागले. मला वाटलं, माणूस शिकतो तो असाच. म्हणून वर्गात टिकलेल्या एकुलत्या एक विद्यार्थिनीला, शेजारच्या आनंदीबाईंना (वय एकाहत्तर), तेच पुस्तक दिलं. पंधरा दिवसांत बाई धडाधड वाचू लागल्या. मी गावभर मिरवलं.

मागच्या आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी नळाला पाणी सोडण्याच्या वेळांची नोटीस पुढे धरली. बाईंनी चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात गणपतीची आरती वाचली. पूर्ण. शेवटी साहेबांनीही सवयीने हात जोडले. मग म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा येतो, यांना वाचता आलं नाही तर वर्ग बंद. मी बाईंना विचारलं, अहो, अक्षरं बघत होता की नाही? तर म्हणतात, "अक्षरां कित्याक बघू गो? माका सगळा पाठ आसा!"

काल सकाळी त्याच बाई सुनेचा मोबाईल पदराखाली लपवून धापा टाकत आल्या आणि दारातूनच अक्षराला अक्षर जोडत वाचू लागल्या, "म्हा-ता-रे-क सां-गू न-को, गा-व-भर क-र-त-ली." रसिकाने (सून) आपल्या बहिणीला धाडलेला निरोप! बाई मजकुराने हादरल्या, मी वाचण्याने. त्या रडतायत आणि मी म्हणतेय, ते 'म्हा' परत वाचा.

"माझ्या घराक आग लागली आणि तुका 'म्हा' होया?"

रसिका मोबाईल बघून हसते आणि पालथा ठेवते. ती का हसते, एवढंच बाईंना जाणून घ्यायचं होतं. आरतीत कुठला शब्द कुठे आहे ते पाठ. तिथून एकेक अक्षर उचलून त्यांनी मोबाईलवर जुळवलं. आठ दिवसांत!

तेव्हापासून विचार करतेय. मीसुद्धा पुस्तकाने शिकले नव्हते. तुझे दादा रोज संध्याकाळी मोठ्याने पेपर वाचायचे. ते गेले आणि घरात आवाज उरला नाही. मला वाचायचं नव्हतं गं, आवाज हवा होता. आता तर मी मनातल्या मनात वाचते, ओठही हलत नाहीत. हे कधी झालं कळलं नाही, आणि कळल्यावर बरंही वाटलं नाही.

घरात थोरामोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी वहिनी,
सुभद्रा

ता. क. रसिकाने मोबाईलला कुलूप घातलं. बाईंचा अभ्यास थांबला, आणि सोमवारी साहेब येणार. तेव्हा तुझ्या सासरची एखादी भानगड मोठ्या अक्षरांत लिहून, इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती लगेच पाठव. नावं खरी घाल. जोडाक्षरं भरपूर असू देत.

ता. ता. क. भानगडीचा शेवट मात्र आत्ताच लिहू नकोस, मागाहून पाठव. पास झाल्या की बाई संध्याकाळच्या यायच्या बंद होतील. उरलेलं वाचायला तरी येतील.