भागायचं कशानं

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. इकडे सगळे बरे आहेत, आणि या वेळी हे नुसतं रिवाज म्हणून लिहीत नाही. परवा बाबा कुणाचा आधार न घेता गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि येताना शेजारच्या शिंप्याशी भांडून आले. आई म्हणाली, आता कुठे माणूस दवाखान्यातून घरी आल्यासारखा वाटतोय.

वर्कशॉपचं मात्र विचारू नकोस. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून बर्नरपुढे मी बसतो. प्रयोगशाळांना लागणारे फ्लास्क फुंकतो, पण माना वाकड्या होतात. मऊ झालेली काचेची नळी दोन्ही हातांनी एकाच गतीनं फिरवावी लागते, नाहीतर ती लोंबते. माझी रोज लोंबते. एका गिऱ्हाइकानं माझा फ्लास्क टेबलावर ठेवून, हा नक्की कुणाकडे बघतोय असं विचारलं. बाबा मागे खुर्चीत बसून सगळं बघतात. ते जास्त लागतं.

आता खरं कारण. पुलांची तपासणी करणाऱ्या खात्याचं पत्र आलंय. मी सोडून आलेली जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही, पण एप्रिलअखेर हो की नाही ते कळवायचंय. मला जायचंय, ताई. शिकलो त्यासाठीच. पण मी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं की बाबांचा हात परत आला तरच जाईन, त्याआधी नाही. तेव्हापासून बाबा तो रबरी चेंडू असा दाबत असतात की चहा घेतानाही खाली ठेवत नाहीत. बर्नरपाशी परत बसायची एवढी ओढ मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती.

दवाखान्यातून तीन वेगवेगळ्या विभागांचे रिपोर्ट आलेत. उजव्या मुठीची पकड आधी ५ किलो होती, आता १० आहे. फुंकर दोन लिटर होती, आता साडेतीन. फळीच्या भोकांत खुंट्या बसवायला १६० सेकंद लागायचे, आता ८०. मी वजाबाकी केली. पकडीत फरक पाचाचा, फुंकरीत दीडाचा, बोटांमध्ये तब्बल ऐंशीचा. म्हणजे बोटं सगळ्यात पुढे आणि फुंकर मागे, असंच ना? प्रत्येक डॉक्टर आपल्यापुरतं सांगतो, तिन्ही एकत्र कुणी बघत नाही. तुझा धंदाच हा आहे, तेव्हा तूच सांग.

मुलांना गोड पापा. माझ्यावर लोभ आहे तेवढा असू दे, उपदेश थोडा कमी चालेल.

तुझा
गुंड्या


९ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि वजाबाकी वाचून हसू आलं. पुलाखाली दोरीला लटकून तू काय मोजणार आहेस देव जाणे. लहानपणी झोक्यावर चक्कर यायची ती गेली का?

किलो, लिटर आणि सेकंद एका तागडीत घालता येत नाहीत. ऐंशी हा आकडा मोठा दिसतो, कारण सेकंद लहान असतो. तीच परीक्षा मिनिटांत लिहिली असती तर फरक जेमतेम १.३३ चा आला असता आणि तुझी बोटं शेवटी गेली असती. आमच्या खोलीत दिवसभर हेच चालतं. उष्णता वाढली की काय बदलतं यावरचं सगळ्यांचं संशोधन आम्ही एकत्र जमवतो. शेतीवाले रोपांची उंची सेंटिमीटरमध्ये पाठवतात, मासेवाले अंडी मोजून पाठवतात, झोपेचे डॉक्टर झोप लागायला गेलेली मिनिटं पाठवतात. प्रत्येकाला आपलाच फरक मोठा वाटतो. म्हणून आम्ही वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. बदललेला आकडा भागिले मूळ आकडा. एकक आपोआप गळून पडतं आणि उरतं ते नुसतं किती पट. मग रोप आणि मासा शेजारी बसवता येतात.

एक सांभाळ. किलो आणि लिटर वाढले तर चांगलं, सेकंद मात्र कमी झाले तर चांगलं. तिथे भागाकार उलटा कर. निम्मा वेळ लागला म्हणजे वेग दुप्पट. आमच्याकडच्या नव्या मुलीनं हे उलटवलं नाही आणि पटकन झोप लागणारी माणसं आजारी ठरवली.

मी सुट्टीचा अर्ज केलाय, साहेब नेहमीप्रमाणे बघू म्हणालेत. आईला म्हणावं गुडघ्याला पट्टा बांध, कपाटात ठेवू नको. बाबांना सा. न.

उपदेश कमी केला आहे, माया आहे तेवढीच.

तुझी
ताई


१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू धन्य आहेस. भागाकार केला आणि सगळं चित्रच पालटलं. पकड दहा भागिले पाच, म्हणजे दुप्पट. बोटं उलटवून, तीही दुप्पट. फुंकर पावणेदोन पट. मी उगाच बोटं एका बाजूला आणि पकड दुसऱ्या बाजूला धरून बसलो होतो, आणि दोन्ही एकाच पायरीवर निघाली. हात तर फुंकरीच्याही पुढे गेलाय.

संध्याकाळी बाबांना पाटीवर लिहून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग असे हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. त्यांनी विचारलं, म्हणजे तू जाणार ना? मी म्हटलं, या गतीनं मे महिन्यात तुम्ही बर्नरपुढे असाल, मग मी इथे राहून काय करू? त्यांनी पाटी पुसू दिली नाही. ती अजून दिवाणखान्यात आहे आणि दूधवाल्यालाही दाखवून झाली आहे.

मी होकाराचं पत्र लिहून ठेवलंय. उद्या टाकीन. बूटही बघून आलो, पुलाच्या लोखंडावर न घसरणारे. दुकानदारानं कशाला हवेत विचारलं तेव्हा मी इतकं लांबण लावलं की तो कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. किती तरी महिन्यांनी हलकं वाटतंय.

लोभ कायम ठेव, कारण या वेळी मी खरोखर लायक आहे.

तुझा
गुंड्या


२२ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

होकार टाकला नसशील तर थांब. टाकला असशील तरी हे वाच.

मी तुला भागायला सांगितलं. कशानं, ते सांगितलं नाही. मूळ आकडा असं लिहून मोकळी झाले, आणि तू मूळ म्हणून दवाखान्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा घेतलास. तुझी चूक नाही. तुझ्यासमोर तेवढाच होता. आमच्याकडे शिकलेल्या लोकांनी हेच केलंय. मासेवाले निरोगी टाकीनं भागत होते, डॉक्टर रोगी दाखल झाला त्या दिवसानं. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर वाटावं की डॉक्टरांनी जादू केली आणि मासे बिचारे जेमतेम जगले. माझ्या समोरच्या भिंतीवर मी ठळक लिहून ठेवलंय की आधी विचार, भागाकारात खाली काय आहे. आणि घरच्यांना लिहिताना विसरले.

काचकाम करणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते. बाबांचा झटक्याआधीचा कागद माझ्याकडे आहे, कारण विम्याची सगळी बाडं तुम्ही माझ्याच गळ्यात घातली आहेत. तेव्हा पकड होती ४० किलो, फुंकर ४ लिटर आणि खुंट्यांना लागायचे २० सेकंद. आता यानं भाग. फुंकर जवळजवळ सगळी परत आली, आठातले सात भाग. पकड चौथा हिस्सा. बोटं चौथा हिस्सा. तुझ्या तक्त्यात जो हात फुंकरीच्या पुढे होता, तो खूप मागे आहे.

दुप्पट झालं हे खोटं नाही. पण ते आठव्या हिश्श्यावरून चौथ्यावर आलंय. अजून एकदा दुप्पट झालं तर निम्मं, आणखी एकदा झालं तर पूर्ण. म्हणजे अजून दोन वेळा तेवढंच व्हायचंय, आणि पुढची चढण पहिलीसारखी नसते. ती किती लांब हे दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंना विचार, मला त्यातलं कळत नाही.

हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय. तू बूट बघून आलास हे वाचलं आणि दोन दिवस पेन उचलवलं नाही. पण चौथ्या हिश्श्याच्या हातानं बाबा पेटलेल्या बर्नरपुढे बसले तर काय होईल, तेही डोळ्यांसमोरून जाईना. मला क्षमा कर, आणि बाबांचीही माझ्या वतीनं क्षमा माग.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. होकार टाकलेला नव्हता, पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं होतं.

मी रागावलो आहे. तुझ्यावर नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही, थोडा तुझ्यावरही आहे. तू आठवडाभर उशिरा लिहिलं असतंस तर मी निघून गेलो असतो. त्यातून भलं झालं नसतं हे मला कळतं. तरी वाटतं ते लिहिलं.

बाबांना तोंडी सांगायला गेलो आणि वाक्यं जुळेनात. मग त्यांनी पत्रच मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला एकच विचारलं, एकदा दुप्पट व्हायला किती वेळ? मी व्यायामवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सगळं नीट झालं तर एक वर्ष, आणि त्यापुढचं कुणी सांगू नये. बाबा बरं म्हणाले, जेवले आणि झोपले. पाटी त्यांनी स्वतः पुसली.

शनिवारी खात्याला नकार कळवतो. इथे मी आहे, फ्लास्क आहेत, माना वाकड्या आहेत. आई म्हणते सवयीनं सरळ होतील. बाबांना त्यांच्या जागेची वाट बघायची आहे, तर ती जागा ऊबदार ठेवणं माझं काम आहे. एवढंच.

लोभ आहेच. थोडे दिवस दिसला नाही तर समजून घे.

गुंड्या


१७ एप्रिल

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर वाचवत नसेल तर जावईबापूंना दे, त्यांचं स्वतःचं असंच आहे.

गुंड्यानं त्या शनिवारी नकार टाकला नाही, कारण आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी वर्कशॉप विकलं. बर्नर, नळ्या फिरवायचं लेथ, काचेच्या नळ्या, सगळं. पलीकडच्या गल्लीतल्या काचवाल्यानं घेतलं. तीस वर्षं मी त्याला नावं ठेवली, आणि त्याच्याच हातात माझा बर्नर देताना माझ्या जिवावर आलं. पण त्याच्या फ्लास्कच्या माना सरळ असतात हे मान्य करायला हवं. गुंड्या घरी आला तेव्हा टेम्पो भरत होता. तो माझ्यावर ओरडला. एवढ्या मोठ्यानं तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मग रिकाम्या बाकावर बसला, आणि मीही शेजारी बसलो.

तुम्हां दोघांना वाटलं मला बर्नरपाशी परत जायचंय. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला खुर्चीत बरं वाटत होतं. पण हा जेवताना बोलून गेला की तुमचा हात आला तरच जाईन. म्हणून मी चेंडू दाबत होतो. पाटीवर दुप्पट बघून हसलो तो हात सुधारला म्हणून नाही, हा सुटला म्हणून. मग तुझं पत्र आलं. हात वेळेत येणार नाही हे कळल्यावर माझ्याकडे दुसरंच काम उरलं, ते मी केलं.

होकार कळवून तो निघाला, तेव्हा त्याला सोडायला मी स्टेशनवर गेलो नाही, आई गेली. मी रिकाम्या वर्कशॉपमध्ये उभा राहून रडलो. त्या जागेसाठीही रडलो आणि त्याच्यासाठीही, कुणासाठी किती ते मला सांगता येणार नाही.

तू क्षमा मागितलीस ती परत घे. तू गप्प बसली असतीस तर तो मला बरा समजून गेला असता. मग मी बर्नरपुढे बसलो असतो, माझ्या हातून काच पडली असती, आणि तो महिनाभरात सामान घेऊन परत आला असता. मग मात्र तो इथून पुन्हा कधी निघाला नसता. आता त्याला परत यायला इथे वर्कशॉपच नाही. आम्हांला भेटायला येईल, तेव्हा येऊ दे.

मुलांना आशीर्वाद. तुझा लोभ आम्हां दोघांवर आहे, त्यातला थोडा काही दिवस त्याच्याकडे पाठव, तो नव्या जागी एकटा आहे.

तुझे
बाबा