एक जून

गुरुजी, तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, आणि आज मला तुमचा राग आलाय. माझाही आलाय, पण तुमच्यावर रागावणं सोपं. तुम्ही कुठं उठून उत्तर देणार!

बदल्या होत होत मी पुन्हा आपल्या निमोण्याजवळच्या शाळेवर आले, आता मुख्याध्यापिका म्हणून. परवा वस्तीवरचा एक गवंडी आला. "बाई, धाकटीच्या जन्मतारखेचा उतारा द्या. दौंडचं स्थळ हाय, रविवारी लगीन." मी म्हटलं, "अहो, सोळाची आहे ती!" तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याच रजिस्टरात बघा की. एक जूनला अठरा पुरी झाली. कायदा आमालाबी कळतो." रजिस्टर काढलं तर तुमचं टपोरं अक्षर.

तो दिवस अजून दिसतोय; मी तेव्हा तुमच्या हाताखाली नवी शिक्षिका. गवंड्याची थोरली आठ वर्षांची, शाळेत यायची ती या धाकटीला कडेवर घेऊनच. तुम्ही धाकटीला समोर उभं करता, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावता. बोटं टाळूवरच थांबतात. "चारची हाय ही. सहाशिवाय पहिलीत न्हाई बसत." हजेरीत नाव नाही म्हणजे खिचडी नाही, आणि धाकटी घरी राहिली की थोरलीही घरीच. मी तोंडाळ. म्हणाले, "लिहा की सहा. हिच्या जन्माची नोंद आहेच कुठं? निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनलाच असतो." तुम्ही कडाडलात, "बाई, शाईनं लिहिलेलं पुसायला देव आला तरी जमायचं न्हाई!" मी नुसतं थोरलीकडं बोट दाखवलं. पेनाचं टोपण उघडत-मिटत तुम्ही बराच वेळ बसलात, आणि मग लिहिलंत. दोघींनी दोनदा खिचडी घेतली. मला वाटलं, केवढं पुण्य पदरात पडलं!

काल ती पोर एकटीच आली. "बाई, कागदावर मी मोठी हाय. घरात माझं कुणी ऐकंना. तुम्ही सांगा ना, मी ल्हान हाय म्हणून." काय सांगणार, कपाळ! पोरींना वाचवायचा कायदा आधी वयाचा पुरावा मागतो, आणि तोच आपण नासवून ठेवलेला. उतारा द्यावा तर पोर गेली. खरं सांगावं तर खोट्या नोंदीची चौकशी, नोकरीवर गदा. इकडं आड, तिकडं विहीर.

आज ग्रामसेवकाकडं गेले. बालविवाह थांबवायची जबाबदारी त्याचीच. नोंद खोटी आहे, असा लेखी जबाब दिला. त्यानं लगेच फोन फिरवले. लग्न थांबलंय, पोरीला वय तपासायला पुण्याला नेणार आहेत. बाप माझ्या दारासमोर पचकन थुंकून गेला. त्याचं मला काही वाटलं नाही.

जबाब लिहून घेताना ग्रामसेवकानं विचारलं, "वय वाढवलं कुणी, मॅडम?" मी तुमचं नाव सांगितलं.

"तेव्हा तिथं आणखी कोण होतं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. आता तुम्हाला खरं लिहिलेला हा कागद घरात ठेवायचीही मला भीती वाटते, गुरुजी.