मुक्काम पुढे ढकलण्यात आला आहे

प्रिय भाऊजी यांस,

वहिनीचा नमस्कार. वयानं तुम्ही धाकटे, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला दिराला ‘अहो’ म्हणायची सवय लावली गेली आणि ती काही सुटत नाही. तेव्हा या पत्रात जे वाईटसाईट येईल तेसुद्धा आदरार्थीच समजावं. तुमची तब्येत उत्तम असणार, कारण परवाच तुमचे दात तपासून झाले. जाऊबाईंची पाठही बरी असेल, मंगळवारी मालीश असतंच. कुत्र्याची नखं शनिवारी कापली. (हे हिला कसं कळलं म्हणून दचकू नका, तुम्हीच दाखवलंय.) इकडे सगळे ठीक. तुमचे बंधू खुर्चीत आहेत.

तर विषय फोनचा. वर्षापूर्वी तुम्ही मला उपदेश केला होतात की वहिनी, आपल्या घरात सगळं तोंडी चालतं म्हणून घोळ होतात. एक बरा स्मार्टफोन घ्या, मेल खिशातल्या खिशात येईल, सगळ्यांचं कॅलेंडर एक होईल, आईचे दोन महिने तुमच्याकडे, दोन आमच्याकडे, कुणाला कुणाशी बोलायची गरजच उरणार नाही. ते मात्र अगदी खरं झालं. कुणी बोलत नाही.

फोन घ्यायला गेले तो दिवस मी विसरणार नाही. गळ्यात पट्टा अडकवलेल्या विक्रेत्यानं आधी हातात सगळ्यात महागडा ठेवला, मग एक अगदीच भिकार दाखवला, आणि मग मधला असा हळूच पुढे सरकवला की जणू माझ्यासाठीच जपून ठेवला होता. अहो, ही चाल मी रोज खेळते! चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलंय मी, फ्रेमा दुसऱ्या कशा विकतात? तरी मधलाच घेऊन आले. (अक्कल गहाण पडते म्हणतात ती अशी.) मी विचारत होते, मेल नीट दिसेल का, तारखा लक्षात ठेवील का, आणि हा बाबा कॅमेऱ्याचं कौतुक थांबवेना. चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती दिसते म्हणे. ती बघायला माझ्याकडे आरसा आहे. मोठ्या अक्षरांचा, बटणांचा एक फोन मला मनापासून आवडला होता, पण त्याचं तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, छे, त्यात आपलं कॅलेंडर जुळणार नाही. म्हणून हा. आमच्या दुकानात जवळचा नंबर काढायला जो तक्ता आम्ही वाचायला देतो ना, त्याच्या शेवटच्या ओळीहून याची अक्षरं बारीक. गावाला चष्मे लावणारी मी, घरी भिंग घेऊन मेल वाचते.

असो. पहिल्यांदा तुमची पाळी आली तेव्हा संध्याकाळी फोन ट्यँव करून वाजला, ‘उद्यापासून : आई, आमच्याकडे.’ मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आईंनी लगेच पिशवी भरली. स्वेटर, औषधांचा डबा, तुमच्यासाठी विणत आणलेला मफलर. सकाळी मेल आला, ‘मुक्काम पुढे ढकलण्यात आला आहे.’ कारण, घराला रंग. पुढच्या खेपेला पुन्हा पिशवी, पुन्हा मेल, पुन्हा रंगच. भाऊजी, तुमचा रंग वाळतो तरी किती दिवस हो? मग पाहुणे आले, मग कारण लिहायचंही तुम्ही सोडलंत. बोटानं नुसतं सरकवायचं. गंमत अशी की त्याच कॅलेंडरात कुत्र्याच्या नखांची तारीख मात्र एकदाही हलली नाही. काळ्या दगडावरची रेघ!

आईंना तुमचा राग येत नाही. ‘त्याच्या फोनात बिघाड असेल,’ म्हणतात. आता वीजबिलाची आठवण वाजली तरी ‘माझी का गं?’ विचारतात आणि उठून पिशवीकडे जातात. तुमच्या वाटणीचा राग मग मलाच येतो. तुमचा येतो, त्यांचा येतो, आणि खुर्चीतल्या माणसाचा तर सगळ्यात जास्त येतो, कारण ‘तुमचं तुम्ही बघा’ यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही. मी दिवसभर उभी असते, भाऊजी. घरी येऊन पुन्हा उभीच. दमले मी.

मागच्या आठवड्यात आईंना न्हाणीघरात चक्कर आली. एका हातानं त्यांना धरून दुसऱ्या अंगठ्यानं तुम्हाला मेल केला. डोळ्याचं पातं लवतंय तोच तुमचं उत्तर! मला भरूनच आलं. म्हटलं, किती झालं तरी पोटचा गोळा. भिंग शोधून वाचलं, तर ‘आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी सध्या रजेवर आहे.’ रजेवर! म्हणजे घरीच की हो.

म्हणून आज कागद घेतला. तक्रार करायची म्हणून नव्हे, फक्त एवढंच विचारायचं होतं की या फोनातली अक्षरं मोठी कशी करतात. सवडीनं कळवा. जाऊबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता. क. अक्षरांचं राहू द्या, आमच्या दुकानातल्या बाईनं मोठी करून दिली.

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे पाहिलं असेलच. तुमचे बंधू अखेर खुर्चीतून उठले आणि आईंना घेऊन आले आहेत, पाकीट आईंच्याच हाती दिलंय. ते खाली फाटकापाशीच थांबले असतील, वर यायची त्यांची छाती नाही. त्यांना हाका मारू नका, पळून जातील.

आणखी एक, आणि खरं म्हणजे हेच. आईंना मी सांगितलंय की तुमचा मेल आला, तुम्ही स्वतःहून बोलावलंत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलले. दाखव म्हणाल्या नाहीत, नुसत्या हसल्या आणि वेणी घालून मागितली. भाऊजी, माझ्याशी कसेही वागा, पण हे खोटं उघडं पाडू नका. आणि हे सगळं तुम्ही दारातच वाचत उभे असाल, तर त्याही अजून बाहेरच उभ्या आहेत. बाजूला व्हा, त्यांना आत येऊ द्या.