भावोजींच्या प्रोग्रामला डावं-उजवं कळत नाही

तीर्थस्वरूप भावोजींस,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे आणि ती तुमच्यामुळेच धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घ्या. ताईचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत उत्तमच असणार. लोकांच्या पोटावर पाय देणाऱ्यांना सहसा काही होत नाही.

तर तुम्ही बनवलेला तो शोधक प्रोग्राम आमच्या साहेबांनी मोठ्या थाटात घेतला. हव्या त्या सुट्या भागाचं त्रिमितीय मॉडेल दाखवायचं, की तो जुन्या हजारो मॉडेलांतून तसाच भाग हुडकून आणतो, नवा काढायला नको. साहेबांना (ज्यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही) हे फारच आवडलं. सगळं जुन्यातच मिळतंय तर डिझाइन काढायला माणूस कशाला, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. एकदा मी झाकणाची कडी मागितली, तर तुमच्या विद्वानाने क्रेनचा हूक काढून दिला. आकार जुळतो म्हणे! मापं बघणं त्याला कमीपणाचं वाटत असावं.

मग एका इस्पितळाच्या धुलाईघरासाठी मोठ्या यंत्राची ऑर्डर आली. यंत्र कोपऱ्यात बसणार, उजवीकडे भिंत, म्हणून दाराची बिजागरीही उजवीकडची हवी. प्रोग्रामने डावीकडची शोधली आणि खाली लिहिलं, जुळणी शंभर टक्के. (आरशातला माणूसही माझ्याशी शंभर टक्के जुळतो, म्हणून मी डावखुरा होत नाही.) मी साहेबांना हातवारे करकरून समजावलं. ते म्हणाले, टक्के स्क्रीनवर दिसतायत, तुझ्या हातांवर नाही. फिटरने मुकाट्याने बिजागरी जिथे बसली तिथे, म्हणजे डावीकडे, बसवून टाकली.

यंत्र जागेवर गेलं आणि चाचणीला धुलाईघराच्या प्रमुख बाई आल्या. दार उघडलं ते वाटेत आडवं; कपडे टाकणाऱ्याने दार आणि भिंत यांच्यामधल्या बोळात शिरायचं. काही अडचण नाही हे दाखवायला साहेबांनी मलाच आत घातलं. मी अडकलो. यंत्र सरकवून मला बाहेर काढेपर्यंत कंबर कामातून गेली. बाई सगळं शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे हो, पण आत शिरायला रोज हेच येणार का?"

इतका बिनडोक प्रोग्राम मी जन्मात पाहिला नाही. ताई तुमच्या हुशारीचं कौतुक सांगायची तेव्हा आम्ही भिडेखातर माना डोलवायचो, हेही आज कळवून टाकतो.

आपला,
वाकडा झालेला मेहुणा

ता. क. बिजागरी बदलून दिली. साहेबांनी यातून असा अर्थ काढला की प्रोग्राम उत्तमच आहे, फक्त त्याच्या शेजारी डावं-उजवं सांगणारा एक माणूस कायमचा बसवायला हवा. तो माणूस मी. नोकरी वाचली.

आणखी एक. हा दोष तुम्ही दुरुस्त करायला घेतलाय, असं ताई काल फोनवर म्हणाली. भावोजी, हात जोडतो, त्याला हात लावू नका. इतक्या गुणी प्रोग्राममध्ये दुरुस्त करण्यासारखं आहे तरी काय?