कंदीलवाली

अप्पा, तुम्ही रंगवलेला सिनेमाचा एकही बोर्ड आता शिल्लक नाही. जुन्यावर पांढरा हात मारायचा आणि त्यावरच नवा काढायचा, ही तुमची रीत. मॅटिनीला तेव्हा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे रहस्यपट यायचे आणि त्यांच्याबरोबर पोस्टर कधी यायचं, कधी नाही. मग थिएटरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही घरातलेच चेहरे बसवायचात. धाकटी गोरी, ती हिरॉईन. एक दिवस मला हाक मारलीत तेव्हा मी वेणी घालून, पावडर लावून आले. तुम्ही ओल्या फडक्यानं पावडर पुसलीत.

"हितं मागं बस. कंदील वर धर. डोळं मोठं कर की."

"मी कोण हाय, अप्पा?"

"तू कोण न्हाईस. पर खून तूच केलास असं पब्लिकला वाटाय पायजे."

डोअरकीपर ओळखीचा, त्यामुळे ते सगळे सिनेमे मी फुकट पाहिलेत. काळा नोकर, एका डोळ्याचा माळी, कुबडा पहारेकरी, हॉटेलात नाचणारी ख्रिश्चन बाई. आपल्यासारखं कुणी असलंच तर ते यांच्यातच, आणि तेही संशय घेण्यापुरतं. शेवटी खुनी निघायचा तो घरातला गोरा, कोटातला काका. हे मी तुम्हाला बोलून दाखवलं तर तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "गोऱ्यावर कोण संशय घेतंय? म्हणून तर लोक शेवटपत्तोर बसत्यात." माझ्या गालांवर तुम्ही निळसर काळा चढवत होतात. तुम्ही स्वतः माझ्याहून दोन हात काळे होतात.

त्याच आठवड्यात मोहोळची माणसं मला बघायला आली. स्टँडवरून येताना बोर्ड वाटेतच. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि मुलाची आई पदर तोंडाला लावते. "अगं बया, ही तर बोर्डावरली कंदीलवाली." सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसता. "व्हय की, मॉडेल घरचंच हाय," असं वर कौतुकानं सांगता. मग त्या बाई विचारतात, धाकटीचं कुठं बोलणं चाललंय का. थोरलीच्या आधी धाकटीचं करत नाहीत, हे सांगायला आई दारापर्यंत आली होती. तुम्ही तिच्याकडं पाहिलंही नाही. बशीतला चहा संपवलात आणि धाकटीला द्यायला हो म्हणालात. संध्याकाळी मी शेडमध्ये येऊन रडले, तेव्हा म्हणालात, "मी काय करू? रंग काय माज्या हातात हाय व्हय?" तुमची बोटं धाकटीच्या गालाच्या गुलाबीनं बरबटलेली होती.

धाकटी मोहोळला गेली. मला पुढं गल्लीतली पोरंही कंदीलवालीच म्हणू लागली आणि कुणी बघायला आलं नाही. तुमचं दुखणं, तुमचा संडास-बाथरूम, सगळं मीच केलं, कारण लेकींपैकी घरात मीच उरले होते. तुम्ही गेल्यावर रडू आलं नाही. मी ते आणायचा प्रयत्नही केला नाही.

फोटो मोठा करायला मीच गेले. स्टुडिओवाला भला माणूस. म्हणाला, "ताई, रंग कसा देऊ? हायेत तसा?" मी म्हणाले, "गोरा द्या. चांगला लख्ख. आणि सदऱ्यावर कोट चढवा." आई फोटोकडं बघून डोळे पुसत म्हणाली, "साहेबावानी दिसत्यात की." धाकटी आली की अजून सगळ्यांना सांगते, ताईनं अप्पांचं किती केलं. येणारे-जाणारे हात जोडतात. भिंतीवर कोण बसलंय हे फक्त मला माहीत आहे, आणि मी कुणाला सांगणार नाही.

हे पत्र फ्रेमच्या मागं खोचणार होते, तेही आता नको. एवढंच सांगते, त्या फोटोनं माझाही घात केला. तुमचा खरा चेहरा आता मलाही धड आठवत नाही. कधी बघावासा वाटलाच, तर आरशासमोर जाऊन उभी राहते.