ढगामागचा तिसरा बर्फ

२८ ऑक्टोबर

चि. मिवाको हिस किवाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड परवा पोचलं. मी ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण तो माझं ऐकत नाही, म्हणून त्याचं वेगळं लिहीत नाही. पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहावं असं म्हणतात. तू नेमकं हवापाण्याचंच विचारलंयस, म्हणून ते मागे ठेवते.

अक्षर वाकडं आहे. शाळा चौथीत सुटली, त्याला आता मी काय करू. चिनात्सु तेरा वर्षांची झाली ना, ती हसली तर हसू दे, पण पुरतं वाचून मग हस म्हणावं. कागद सफरचंद संघाच्या कॅलेंडरचा आहे. सप्टेंबर संपला, फाडला. मागची बाजू कोरी असताना नवा कागद कशाला आणायचा?

माझ्या माकिओच्या सातव्या वर्षाच्या श्राद्धविधीला, तो गेला ते वर्ष धरून सातव्या, तू लेकीला घेऊन येतेस, हे दोनदा वाचलं. त्याचं सगळं आटोपून तू माहेरी गेलीस, त्याला सहा वर्षं झाली. तू आली नाहीस, मी बोलावलं नाही. मठातल्या बुवांना सतरा नोव्हेंबर सांगून ठेवला होता. ते म्हणाले, "जेवायला किती पानं?" मी म्हटलं, "तुमचं आणि माझं." आता चार पानं सांगते. मुळ्याचं लोणचं घातलंय. चिनात्सु लहानपणी त्याच्या वासाने नाक धरायची, आता खाते का?

इथे बागेत शेवटची लाल सफरचंदं उतरवायची राहिली आहेत. शेजारचा कुदो म्हातारा मदतीला येतो आणि मदतीपेक्षा तोंडच जास्त चालवतो. माझ्या छोट्या ट्रकला मी एक ऑक्टोबरलाच बर्फाचे टायर लावून टाकले. दर वर्षी तेच करते आता. त्यावरून कुदो म्हणतो, "किवाबाई, फळं अजून झाडावर आहेत आणि तुम्ही बर्फावर!" मी म्हटलं, "तुम्ही तर ऐंशी वर्षं जमिनीवर आहात, काय उजेड पाडलात?" नारिता गॅरेजवाला सांगतो, कोरड्या रस्त्यावर हे टायर झिजतात, आजी, दोन हिवाळे कमी टिकतील. झिजू देत. माझे तरी किती हिवाळे उरलेत?

टायर कधी बदलायचे ते नारिताला विचार. त्याचा नंबर कॅलेंडरच्या याच कागदावर पुढच्या बाजूला छापलेला आहे. तो धंद्यातला माणूस आहे, बरोबर सांगेल.

माकिओचं सामान न्यायला गाडीनेच येते म्हणतेस. सामान फार नाही. कपडे, मासेमारीच्या काठ्या, शाळेतली बक्षिसं. शेडमध्ये ताडपत्रीखाली आणखी थोडं आहे, ते आलीस की बघू.

थंडी वाजत असेल तर लोकरीचं घाल. तुमच्याकडे वाजत नसेलच म्हणा.

किवा

*

७ नोव्हेंबर

मिवाको,

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी बागेत गेले नाही. कुदो दोनदा हाक मारून गेला. तिसऱ्यांदा दारात उभा राहून म्हणाला, "मेलात की काय?" मी म्हटलं, "मेले असते तर तुम्हाला आधी कळवलं असतं." मग गेला.

तू लिहितेस, नारिताला विचारलं नाहीस. आई, तुम्हीच तारीख सांगा, असं लिहितेस. माकिओ म्हणायचा की सगळ्या गावात आईसारखा डोंगर कुणाला वाचता येत नाही, म्हणून लिहितेस. आणि खाली, बारीक अक्षरात, "मागच्या वेळेसारखा निष्काळजीपणा या वेळी माझ्या हातून व्हायला नको."

ते बारीक अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

आता नीट बसून लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा सुरू करणार नाही, म्हणून चहासुद्धा ठेवला नाही.

आमच्याकडे डोंगर तीनदा पांढरा होतो, मग चौथा बर्फ गावात पडतो. हे माझ्या सासूने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने. मी तीस वर्षं मोजलं आणि तीस वर्षं बरोबर निघालं. गल्लीत कुणी माझ्याआधी टायर बदलत नसे. मी शेडमधून जॅक काढला की पंधरा घरांतून जॅक निघत. बाया म्हणायच्या, "किवाने काढला बरं का!" मी वर मान करून बघत नसे, पण मला सगळं ऐकू येत असे. आवडायचं मला. शाळा न शिकलेल्या बाईला एवढंच येत होतं.

माकिओ गेला त्या वर्षी मी दोन बर्फ मोजले. मग चार दिवस डोंगर ढगात होता. मिठाच्या पोत्यासारखा ढग पायथ्यापर्यंत बसला होता.

सोळा तारखेच्या संध्याकाळी माकिओ माझ्याकडे आला. गॅरेजची शनिवारची वेळ तू मोडली होतीस, चिनात्सुच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता म्हणून. ते मला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. पण पुढचं कुणाला माहीत नाही. तो स्वतःच टायर बदलायला आला होता. माझ्या शेडमधून त्याने चारही टायर बाहेर काढले. खडूने त्यांवर लिहिलेलं होतं, पुढचं डावं, पुढचं उजवं, तसं. गाडीखाली जॅक लावला. मी दारात उभी राहून म्हटलं, "डोंगर दोनदाच पांढरा झालाय. गल्लीत कुणी हात लावलेला नाही, आणि किवाचाच मुलगा घाबरून टायर लावतोय? मला तोंड दाखवायला जागा राहील का? रविवारी बघू."

तो म्हणाला, "आई, ढगात काय झालं असेल कुणाला ठाऊक?"

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे."

त्याने जॅक खाली घेतला. हसला. "बरं बाई, डोंगराची मालकीण तू," म्हणाला. टायर परत रचून ठेवले, हात धुतले, लोणच्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि तुमच्या घरी गेला. तुला काय सांगितलं त्याने? बहुतेक काहीच नाही. आईने अडवलं असं बायकोला सांगणारा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना पुलावरच्या गोठलेल्या पाण्यावर त्याची गाडी घसरली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुला तिथे नेलं होतं.

अठरा तारखेला दुपारी ढग वर गेला. डोंगर गुडघ्यापर्यंत पांढरा होता, आणि बर्फ ताजा नव्हता. वरचा थर जुना होऊन चमकत होता. तिसरा बर्फ ढगामागे कधीच पडून गेला होता. मी मोजला नाही. दिसला नाही म्हणून पडलाच नाही, असं धरून चालले.

आता खरं लिहायचं ते हे नाही. चूक माणसाकडून होते. कुदोकडून रोज होते.

अंत्यविधीनंतरच्या जेवणाला माकिओची तोकिए आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "समुद्राकाठची मुलगी, तिला बर्फ काय कळणार! गॅरेजची वेळ हिनेच मोडली." तू उठलीस, माझ्यासमोर चटईवर कपाळ टेकलंस आणि म्हणालीस, "आई, मला क्षमा करा." चिनात्सु तुझ्या मागे उभी होती, तिच्या हातात भाताचा वाडगा होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "होऊन गेलं ते गेलं. ऊठ."

बाया म्हणाल्या, किती मोठ्या मनाची सासू. मी चहा गाळत होते. एक थेंबही बाहेर सांडला नाही. मी तुला माफ केलं, मिवाको. माफ करायला माझ्याजवळ काय होतं? माफी देणं तुझ्या हातात होतं, आणि मी ती तुझ्याकडूनच घेऊन तुलाच दिली. तू ती घेऊन माहेरी गेलीस आणि सहा वर्षं सांभाळलीस. मला वाटायचं, तू येत नाहीस कारण तुला माझा राग आहे. आता पत्र वाचून कळलं की तुला माझ्यासमोर यायची लाज वाटत होती.

हे मी बुवांनाही सांगितलेलं नाही. एकदा सांगायला गेले होते, तर ते मांजराला औषध पाजत होते. परत आले.

आता गल्लीत माझ्या जॅकची कुणी वाट बघत नाही. एक ऑक्टोबरला टायर लावणाऱ्या बाईची कोण वाट बघणार? सगळे मोबाइलमध्ये हवामान बघतात आणि बरोबर बदलतात. मी अजूनही सकाळी उठून डोंगराकडे बघते. मोजत नाही. नुसती बघते. बोलायला घरात दुसरं कोण आहे?

शेडमध्ये ताडपत्रीखाली जे आहे म्हटलं होतं, ते त्याचे ते चार टायर. नारिता दर वर्षी म्हणतो, "आजी, रबर दगड झालंय, उचलू का?" मी म्हणते, पुढच्या वर्षी. टायर काही कामाचे नाहीत, पण खडू अजून आहे. चिनात्सुला बापाचं अक्षर बघायचं असेल. नसेल तर नारिता उचलेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. टायर आत्ताच बदल. तुमच्या गावात, तुमच्या समुद्राकाठी, निघायच्या आधी. गॅरेजवाला हसेल. म्हणेल, बाई, इथे लोक अजून बिनबाह्यांचं घालून फिरतात. हसू दे. दोन दिवस कोरड्या रस्त्यावर झिजवत ये. डोंगराकडे बघू नकोस, आणि मला विचारू नकोस. पुलावर सावकाश चाल, मागचा भोंगा वाजवत बसला तरी.

हे वाचून यायचं नाही असं वाटलं, तर येऊ नकोस. मी बुवांना पुन्हा दोन पानं सांगेन, त्यात काही अवघड नाही. आलीस, तर जेवणाला तोकिए आत्यालाही बोलावते. मग पाच पानं होतील. तिला हे सगळं ती यायच्या आधी सांगू की ती आल्यावर तुझ्यासमोर, ते तू ठरव. माझ्या मते तुझ्यासमोर. कपाळ टेकता येणार नाही, गुडघा वाकत नाही, पण तोंड चालतं.

खाली दर वेळी नुसतं किवा लिहिते. सासू असं कधी लिहिलं नाही, आज लिहिण्यासारखं काही केलेलं नाही. दारात आलीस की काय हाक मारायची ते तू ठरव. मी ओ देईन.

किवा