मागच्या जिन्याचा अर्ज

बाबा,

तुमच्या नातीने अर्ज लिहिला आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती तुमच्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली, इथे कुवेतमध्ये. पण डावीकडे तीन बोटं समास सोडायची तुमची सवय तिच्यात कुठून उतरली देव जाणे. तो अर्ज माझ्या पर्समध्ये आहे आणि मी बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हॉलमध्ये टोकन घेऊन बसले आहे. अर्जाच्या इंग्रजी प्रतीच्या पाठीमागे तुम्हाला हे लिहिते आहे. मिशनच्या शाळेत तुम्हाला सर म्हणावं लागायचं आणि क्वार्टरचा उंबरा ओलांडला की बाबा. आज दोघांपैकी कोणाला लिहिते आहे ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

तुम्हाला हसू येईल. पोर सतरा वर्षांची, जन्म कुवेतचा, पासपोर्ट भारताचा आणि शिकते अमेरिकेचं नागरिकशास्त्र. तिच्या काकांनी तिला कॉलेजसाठी तिकडे बोलावलंय, म्हणून दहावीनंतर आम्ही तिला घरीच अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाला बसवलं. पुस्तकांचा खोकाच येतो. वर झेंडा, आत प्रत्येक धड्याच्या आरंभी शास्त्रवचन. अधिकार देवाकडून येतो, राज्यकर्ता हा देवाचा सेवक, आणि नागरिकाला आज्ञाही पाळायची आहे आणि राज्यकर्त्याला जाबही विचारायचा आहे, असं ते पुस्तक शिकवतं. सिनेट कशी, न्यायालय कोणाला कसं अडवतं, हे ती खैतानच्या आमच्या दोन खोल्यांत एसीच्या घरघरीत मोठ्याने पाठ करते. ‘आपले प्रतिनिधी’ असा शब्द आला की मला विचारावंसं वाटतं, आपले म्हणजे कोणाचे गं? आम्ही इथे इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर. तो नवा झाला नाही की बॅगा भरायच्या. मी तसं एकदा म्हटलंही. ती म्हणाली, “मम्मा, ड्यूटी आधी असते, राइट्स नंतर.” तुम्ही असता तर तिला जवळ घेतलं असतंत. मला मात्र त्या वाक्याची भीती वाटली.

नवव्या धड्याखाली प्रात्यक्षिक आहे. आपल्या वस्तीतल्या एखाद्या अडचणीबद्दल स्थानिक अधिकाऱ्याला पत्र लिहा, सही करा आणि खरोखर पाठवा. पुस्तक लिहिणाऱ्याला वाटलं असेल, पोरं रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल लिहितील. हिने आमच्या इमारतीच्या मागच्या जिन्याबद्दल लिहिलं. खाली तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या कामगारांची खाणावळ आहे. तिचे गॅसचे सिलिंडर त्या जिन्याखाली रचलेले असतात. आधी चार होते, मग नऊ, आता मी मोजायचं सोडलं आहे. कोणी चोरू नये म्हणून जिन्याच्या बाहेरच्या दाराला साखळी आणि कुलूप. हारिसला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, मी दोनदा सांगितलं. “मडाम, माफी मुश्किला,” एवढंच म्हणतो, काही अडचण नाही म्हणून, आणि हसतो. गेल्या आठवड्यात ड्यूटीवरून येताना जिन्यात वास आला. लॅबमध्ये दिवसभर नाक कामाला लावणारी बाई मी, मला वास चुकत नाही.

आणि त्याच जिन्याच्या तळाशी बेसमेंट आहे, तिथे आम्ही शुक्रवारी प्रार्थनेला जमतो. मोठ्या चर्चच्या आवारात मराठी मंडळींना वेळ मिळत नाही, तिथे तासातासाला वेगळी भाषा उभी असते. म्हणून ही खोली. नगर, जालना, कोल्हापूरकडची चाळीसेक माणसं, निम्म्या नर्सेस, पेटी, डफ, आणि भिंतीलगत सतरंजीवर लहान मुलं. परवाना नाही. मालकाच्या माणसाला माहीत आहे, तो काणाडोळा करतो. बलदियाचा माणूस सिलिंडर पाहायला जिन्यात उतरला की पुढचं दार आमचंच. मग उपासना बंद, आणि ती कोणाच्या नावावर चालते हे विचारलं गेलं तर नाव माझं आहे. खोलीची किल्ली माझ्याकडे असते. समजलं ना बाबा? दार उघडावं म्हणून अर्ज दिला तर आमच्यावर बंद होणार, आणि नाही दिला तर त्या चाळीस जणांना बाहेर पडायला एकच अरुंद वाट, तीही सिलिंडरांच्या अंगावरून.

मागच्या शुक्रवारी तिने सगळ्यांसमोर हा विषय काढला. आमच्यातले वडीलधारे, जे संदेश देतात, ते तिला प्रेमाने म्हणाले, “बेटा, आजवर प्रभूने राखलंय, पुढंही राखील.”

“अंकल, प्रभूने दार पण दिलंय. त्याला साखळी आपण घालू देतोय.”

पुढचं गीत लगेच सुरू झालं, जरा मोठ्यानेच. घरी आल्यावर हिच्या वडिलांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. अहमदीला तेलकंपनीच्या कामावर रोज जाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस, पण त्या दिवशी दार लावून घेतलं. “एक वर्ष काढायचंय. ती एकदा तिकडे गेली की काय ते कर. आणि द्यायचाच असेल तर नाव न घालता दे.” मी हे तिला सुचवलं. तिने काय उत्तर दिलं असेल? निनावी अर्ज म्हणजे चहाडी. तुमचं वाक्य, बाबा. मीच तिला लहानपणी ऐकवलेलं.

अर्ज अरबीत करायला रिग्गईच्या टायपिंगवाल्याकडे नेला. केरळचा म्हातारा माणूस आहे, आमचे सगळे कागद तोच करतो. वाचून झाल्यावर त्याने चष्मा काढला. “मॅडम, नाम डालना ज़रूरी है?” मुलगी अठराची नाही, म्हणून सही पालकाची लागते. मी होय म्हटलं. त्याने पैसे घेतले नाहीत आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. प्रिंटर थांबला तसा मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

आता ते लिहिते, ज्यासाठी हा कागद उलटा केला.

मी अकरा वर्षांची. तुम्ही सातवीचा वर्ग घेऊन मुलींच्या बोर्डिंगच्या मागच्या भिंतीपाशी जाता आणि भेगेत चार बोटं घालून दाखवता. म्हणता, “ही भेग सगळ्यांना दिसते. सही कोण करतो ते बघायचं.” संध्याकाळी तुम्ही मिशनच्या मंडळाला पत्र लिहिता आणि सकाळी ते एसटी स्टँडाजवळच्या पेटीत टाकायला मला देता. लिफाफा नीट चिकटला नव्हता, मी तो वाटेत वाचला. शेवटी लिहिलं होतं की भिंत दुरुस्त झाली नाही तर मी जागा सोडीन. जागा सोडणं म्हणजे क्वार्टर सोडणं. आईला त्याच महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा घरात नळ मिळाला होता. ती भांडी घासताना गात होती, ओट्यावर पाणी सांडलं तरी रागवत नव्हती. मी पेटीपर्यंत गेले. लाल रंगाचे पोपडे अजून डोळ्यांसमोर आहेत. मग परत आले.

“टाकलंस?”

“हो.”

तुम्ही दीड महिना पोस्टमनची वाट पाहिलीत. भिंत पडली ती कोरड्या हिवाळ्यात, भर दुपारी, ना पाऊस ना वारा. माझ्या बाकावर बसणारी मुलगी कपडे वाळत घालत होती. तिचा पाय गुडघ्याखाली गेला. मंडळाची माणसं आली आणि म्हणाली, पत्रबित्र काही आलेलं नाही, गुरुजी आता अंगाशी आल्यावर सांगताहेत. तुम्ही म्हणालात, माझ्या मुलीने स्वतः टाकलंय. मला आत बोलावलं. चार मोठी माणसं आणि तुम्ही. मी पुन्हा म्हटलं, हो. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. त्यानंतर गावात तुम्हाला खोटारडे म्हणणारी माणसं होती आणि तुम्ही त्यांनाही सलाम करत राहिलात. नागरिकशास्त्राचा तास तुम्ही दुसऱ्या गुरुजींना देऊन टाकला आणि भूगोल घेतला. तुमचा माझ्यावर एवढा विश्वास होता याची मला अजूनही चीड येते. एकदा तरी, शेवटच्या आजारात तरी, विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं. कदाचित.

तुमचं पत्र मी कधी फाडलं नाही. ते पासपोर्टच्या पाकिटात माझ्याबरोबर इथवर आलं. आत्ता तेही पर्समध्येच आहे, तिच्या अर्जाला लागून.

हॉल थंड आहे. काचेपलीकडची बाई झरझर कागद घेते आहे, शिक्के मारते आहे. माझं हे तिसरं टोकन. पहिली दोन आली तेव्हा आकडा पाटीवर लाल झाला, आवाजाने दोनदा पुकारला, आणि मी खुर्चीत बसून राहिले. शेजारच्या माणसाने खूण करून विचारलंही, तुमचा नंबर ना? मी मान हलवून नाही म्हटलं.

आज गुरुवार. उद्या सकाळी सगळे बेसमेंटमध्ये उतरतील. मुलं सतरंजीवर बसतील.

आत्ताच तिचा मेसेज आला: “मम्मा, डन?”

मी खाली ‘हो’ टाइप केलं आहे, बाबा. अजून पाठवलेलं नाही. माझ्या आधी चार जण आहेत.